काळ्या अंगठ्याची पुस्तकं

पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. सातारच्या पोवई नाक्याजवळच्या मोटार अड्ड्यावर वडूजची गाडी उभी आहे. गाडीच्या पाठीमागे ड्रायव्हर नानासो घार्गे उभे आहेत. उजव्या हातात पंख्याचं हँडल, डाव्या हातात कादंबरी. टपावर चढायच्या शिडीला कंदील अडकवला आहे आणि त्याचा उजेड पानावर पडेल अशा बेतानं नानासोंनी मान वाकडी केली आहे. हँडल एका लयीत फिरतं आहे. पान संपलं की डावा अंगठा ते उलटतो. उजव्या हाताला त्याची खबर नसते.

जर्मनीशी लढाई सुरू झाल्यावर पेट्रोल मिळेनासं झालं आणि गाडीच्या मालकानं पाठीमागे पाण्याच्या टाकीएवढी लोखंडी भट्टी बसवून घेतली. भट्टीत लाकडी कोळसा पेटवायचा, पंख्यानं वारा घालायचा आणि त्याचा गॅस धरला की त्यावर इंजिन चालवायचं. गॅस धरायला कधी अर्धा तास लागतो, कधी पाऊण. पंखा फिरवायला पूर्वी क्लीनर होता. तो लष्करात भरती झाला. तेव्हापासून हे काम नानासोंकडे आलं आणि त्याच्याबरोबर रोजचा अर्धा तास वाचनाला मिळाला.

नानासो वडूजजवळच्या खेड्यातले. शिक्षण मराठी चौथी. लढाईच्या आधी काही वर्षं ते क्वेट्ट्याला लष्करी लॉरीवर होते. हिवाळ्यात बर्फात गाडी अडकली की बसून राहण्यावाचून इलाज नसे. वाचायला काहीच नव्हतं, तेव्हा तेलाच्या डब्यावरची अक्षरं पाठ होईपर्यंत वाचली. पुढे कुणा हवालदारानं मुखपृष्ठ नसलेली एक कादंबरी दिली. तिचं नाव त्यांना आजही माहीत नाही. नोकरी सोडून साताऱ्याला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी पेठेतल्या एका वाचनालयात नाव घातलं.

पुस्तक निवडण्याची त्यांची रीत त्यांच्या कामातून आली आहे. पुस्तक एका हातात मावलं पाहिजे. नव्या बांधणीची पुस्तकं ते घेत नाहीत, कारण ती एका हातात उघडी राहत नाहीत. दहा-वीस जणांनी वाचून पाठ मोडलेलं पुस्तक सर्वांत चांगलं. विषयाचं त्यांना वावडं नाही. रहस्यकथा, प्रवास, मधमाश्या पाळण्याची माहिती, यांतलं जे हाती राहील ते ते वाचतात.

गाडी कधी सुटेल याचा भरवसा नसल्यामुळे उतारू लवकर येतात. त्यातले नेहमीचे चारपाच जण भट्टीभोवती उभे राहतात. थंडीत ऊब मिळते आणि बोलायला माणूस मिळतो. टपालाची थैली घेऊन जाणारा कोंडीबा असतो. कोरेगावच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या पद्माबाई आठल्ये असतात. त्यांचं माहेर सांगलीचं. सुट्टीत त्या तिकडून पुस्तकं आणतात आणि इथे फिरवतात. इथे माणूस आला की पाऊसपाण्याची विचारपूस होत नाही. "सध्या काय चाललंय?" असं विचारतात, आणि त्याचा अर्थ हातात कोणतं पुस्तक आहे एवढाच असतो. उत्तर आवडलं तर पुस्तक तिथेच हात बदलतं. शेवट सांगायचा नाही, हा एकच नियम. कोंडीबानं तो एकदा मोडला, तेव्हा आठवडाभर त्याला कुणी पुस्तक दिलं नव्हतं.

या मंडळींत नानासो सर्वांत जास्त वाचतात आणि सर्वांत कमी बोलतात. पुस्तक कसं आहे विचारलं तर "हाय बरं" म्हणतात. वाईट असलं तरी "हाय बरं" म्हणतात. त्यामुळे त्यांच्या मताचा कुणाला उपयोग नव्हता. तो उपयोग पद्माबाईंनी शोधून काढला.

नानासोंनी वाचलेल्या पुस्तकाच्या पानांवर खालच्या कोपऱ्यात काजळीचे ठसे असतात. बहुतेक पानांवर ते फिकट, मध्येच एखाद्या पानावर गडद आणि दाट. पद्माबाईंनी अनुमान काढलं की जिथे काळं जास्त, तिथे नानासो जास्त वेळ रेंगाळले असणार. म्हणजे ते पान रंगलेलं असणार. त्यांनी हे कोंडीबाला सांगितलं. कोंडीबाच्या झोळीत टपाल असतं, तसंच त्याच्या तोंडातही असतं. दोन महिन्यांत वाचनालयाचे सभासद पुस्तक घेण्याआधी पानं फडफडवून काळं शोधू लागले. चार गडद पानं असली की पुस्तक उचललं जाई. पांढरीशुभ्र पुस्तकं फळीवर पडून राहत.

वाचनालयाचे चिटणीस गंगाधरपंत बापट यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे आली ती तक्रार. एका वकिलाच्या पांढऱ्या धोतराला पुस्तकामुळे काजळी लागली होती. पंतांनी पुस्तकं तपासली आणि काजळीचा माग थेट वडूजच्या गाडीपर्यंत लागला. पुस्तकं खराब करणाऱ्या सभासदाचं नाव कमी करावं, असा कार्यकारी मंडळाचा विचार ठरला. शेवटचा निर्णय पंतांवर सोपवला होता.

नाव कमी झालं असतं तर नानासोंना दुसरीकडे कुठे पुस्तक मिळण्यासारखं नव्हतं. इतर वाचनालयं संध्याकाळी त्यांची गाडी परतायच्या आत बंद होतात. आणि त्या आठवड्यात त्यांच्या हातात जी कादंबरी होती, तिच्यातला खून कुणी केला हे अजून कळायचं होतं.

पंत मंगळवारी सकाळी अड्ड्यावर आले. त्यांना कोरेगावला लग्नाला जायचं होतं, तिकीटही त्याच गाडीचं होतं. एका फेरीत दोन कामं होणार होती. त्यांनी भट्टी पाहिली, पंखा पाहिला, आणि हात पुढे करून नानासोंच्या हातातली कादंबरी मागून घेतली. मंडळाचा विचार त्यांनी शांतपणे सांगितला. नानासोंनी मान हलवली आणि हँडल फिरवत राहिले. गॅस धरत आला होता. तेव्हा हात थांबवला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पद्माबाई मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या की या ठशांना डाग म्हणू नये, ती वाचकाची खूण आहे. आम्ही सगळे तिच्यावरून पुस्तकं निवडतो. कोंडीबानं दुजोरा दिला आणि काळ्या पानांमुळे कोणकोणती पुस्तकं बाहेर पडली त्यांची नावं घेतली.

पंत विचारात पडले. पंधरा वर्षं ते पुस्तकं देत-घेत आले होते. कोणतं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं हे त्यांना सांगता येई. पण माणूस पुस्तकात कुठे थांबतो, हे कळण्याची सोय त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांनी कादंबरी कंदिलापाशी नेली, चष्मा वर केला आणि सर्वांत काळं पान शोधलं. कोपऱ्यात तीन ठसे एकावर एक होते. पंतांनी पान वाचलं. मयत झालेल्या इनामदाराच्या शेताच्या चतुःसीमा, विहिरीची खोली आणि बांधावरच्या झाडांची नावं, एवढंच त्यात होतं.

"घार्गे," पंत म्हणाले, "या पानात एवढं काय आहे?"

त्या क्षणी उत्तर अगदी सोपं होतं. 'लय आवडलं,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पद्माबाई तेच ऐकायला पुढे सरकल्या होत्या.

नानासोंनी हँडल फिरवतच पानाकडे पाहिलं.

"हितं कोळसा वला हुता," ते म्हणाले. "धरंना. सारकं पुस्तक काखंत मारायचं, कोळसा घालायचा, परत उघडायचं. तवा लागलं आसंल."

कोंडीबा हसू दाबत टपालाच्या थैलीची दोरी आवळू लागला. मग दाबवेना, तेव्हा म्हणाला, "म्हंजी आमी सा म्हैनं वला कोळसा वाचला व्हय रं, नाना?"

पंतांनीही मिशीत हसून घेतलं. पद्माबाई हसल्या, पण जरा उशिरा. त्यांनी ही कादंबरी नानासोंच्या आधी वाचून संपवली होती, आणि नानासोंचं वाचन कुठवर आलं हे त्यांच्या हातातलं पुस्तक चाळून पाहताना, काळं दिसलं म्हणून तेच पान त्यांनी पुन्हा तीनदा वाचलं होतं.

"फुकट नाही गेलं," त्या म्हणाल्या. "मला त्यात एक गोष्ट सापडली."

हँडलची गती त्या दिवशी पहिल्यांदा बिघडली. "काय सापडलं?" नानासोंनी विचारलं. स्वतःहून विचारलेला हा त्यांचा अड्ड्यावरचा पहिला प्रश्न असावा.

"शेवट सांगायचा नाही ना."

"शेवट नगं. त्या पानातलं सांगा."

पद्माबाईंनी एवढंच सांगितलं, की विहिरीची खोली आणि तिसऱ्या प्रकरणातली दोराची लांबी ताडून पाहा. नानासोंनी डावा हात कादंबरीसाठी पुढे केला आणि पुस्तक आता आपल्याकडे नाही हे लक्षात येऊन मागे घेतला. पंतांनी ते पाहिलं. पण काखेत धरलेलं पुस्तक त्यांनी काढलं नाही. खूण असो वा नसो, त्यांच्या मते काजळी ती काजळी. हात धुऊन का वाचत नाही, असं त्यांनी विचारलं. धुवायला गेलो तर पंखा कोण फिरवणार, असं नानासो म्हणाले.

पंतांनी कोट काढून पद्माबाईंकडे दिला, पुस्तक पुन्हा काखेत धरलं, उपरणं कमरेला बांधलं आणि हँडल हातात घेतलं. एका हातानं ते फिरतं का आणि वाचणं शक्य आहे का, हे त्यांना स्वतः पाहायचं होतं. वाचणं त्यांना जमलं नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी टपाची शिडी धरली होती. लय मात्र हळूहळू बसली. तेवढ्यात कोंडीबानं अड्ड्याच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, "पंत, सध्या काय चाललंय?"

"वार्षिक अहवाल," पंत म्हणाले. धाप लागल्यामुळे आणखी काही बोलले नाहीत.

नानासो नळावर गेले. राखेनं हात घासून, धुऊन, सदऱ्याला पुसून परत आले. पंतांनी भुवईनंच काखेकडे खूण केली. नानासोंनी त्यांच्या काखेतून कादंबरी ओढून घेतली आणि ते कंदिलाखाली उभं राहून दोन्ही हातांनी वाचायला लागले. तिसरं प्रकरण काढलं, मग इनामदाराची विहीर काढली, मग पुन्हा तिसरं प्रकरण. गॅस धरला हे त्यांच्या आधी पंतांना कळलं.

कोरेगाव येईपर्यंत पंतांचा निर्णय झाला होता. नाव राहील. पंखा फिरत असताना पुस्तक धुतलेल्या हातात असेल आणि हँडल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. मंडळाला हे पटवण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

त्या मंगळवारपासून नेहमीच्या उतारूंनी पंख्याच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. पण पुस्तकं आता कोरी परत येऊ लागली आणि वाचनालयातल्या लोकांची पंचाईत झाली. फळीपाशी उभं राहून ते पानं फडफडवतात आणि काही न सापडून पंतांकडे पाहतात. पंत त्यांना नानासोंना विचारायला सांगतात. त्यामुळे नानासोंना बोलावं लागतं. "हाय बरं" एवढ्यावर आता कुणी सोडत नाही. कुठल्या पानाला थांबला होतात, असं विचारतात. परवा एका पुस्तकाबद्दल त्यांनी सांगितलं की पहिली तीस पानं सोडून द्या. ते पुस्तक तीन दिवसांत तीन घरी गेलं, आणि तिसऱ्या घरच्या बाईंनी पहिली तीसच पानं उत्तम आहेत असा निरोप उलट पाठवला. नानासो ती तीस पानं पुन्हा वाचणार आहेत.

उद्या बुधवार, त्यांचा पुस्तक बदलण्याचा वार. वाचनालय रात्री आठला बंद होतं आणि वडूजची परतीची गाडी साडेसातला नाक्यावर येते. मधला अर्धा तास हात धुवायला आणि पुस्तक निवडायला पुरतो.