तार आली, माणूस आला नाही

दिनकर गेल्याची तार मला वाशीमला सकाळीच मिळाली. शाळेत निघालो होतो. वाचली, घडी करून खिशात घातली आणि... वर्गावर गेलो. होय, गेलो! आमच्या घरची रीतच तशी. तार आली की बायका डोळ्याला पदर लावतात, पण माणूस येऊन तोंडानं सांगेपर्यंत मेलेलं खरं मानायचं नाही. मी माणसाची वाट पाहिली. संध्याकाळची गाडी गेली, दुसरा दिवस गेला. कोणी आलं नाही.

आणि माझ्या या बालमित्रानं जन्मभर अभ्यास केला तो याचाच! गावात यंत्र येतं तेव्हा लोक विश्वास कोणावर ठेवतात, यंत्रावर की माणसावर? नागपुरात प्राध्यापक झाला, तरी रजा मिळाली की वाशीमजवळच्या किन्हीराजा गावी येऊन वह्या भरायचा. मी चिडवायचो, “लोकं कापसावर, ज्वारीवर अभ्यास करतेत. तू हे काय भलतंच धरून बसला बे?” नुसता हसायचा. लग्न केलं नाही, आईवडील केव्हाच गेलेले...

चावडीवर पंचायतीचा रेडिओ आला, तेव्हा मीही त्याच्यासोबत होतो. रेडिओ म्हणाला, उद्या पाऊस. खळ्यात तूर पडलेली, पण एक माणूस जागचा हलेल तर शपथ! दिनकर ज्यांच्याकडे उतरायचा त्या गंगाबाई फणकारल्या, “बोलून राह्यला थो कोन्या गावचा? ना ओयख ना पायख. मी काहून आयकू त्याचं?”

दुसऱ्या दिवशी तूर भिजली. ऊन पडल्यावर गंगाबाईंसोबत दिनकर ती दिवसभर वाळत घालत होता. मला म्हणाला, “बाई नाई चुकली रे. तिले ओयखीचा मानूस पाह्यजे होता. म्या सांगतलं असतं तं तिनं मानलं असतं. मी वहीत लिवत बसलो.” हे त्याला फार लागलं. पुढं तो आला की रेडिओ ऐकून घरोघर सांगत फिरायचा. प्राध्यापक माणूस! मी पोट धरून हसायचो.

तिसऱ्या दिवशी अकोल्याला गाडी बदलून मी नागपूर गाठलं. खोलीला कुलूप. शेजारी म्हणाले, “त्यांनी तुमचंच नाव लिहून ठेवलं होतं, म्हणून तुम्हालाच तार केली. रात्रीच्या गाडीनं याल म्हणून सकाळपर्यंत थांबलो. मग कॉलेजच्या शिपायानं अग्नी दिला.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. निरोप घेऊन येणारं माणूस त्याला होतं कुठं? जगात त्याचं म्हणावं असा एकटा मी. आणि मी वर्गात पाढे म्हणून घेत होतो. याला माफी नाही.

किन्हीराजाला मात्र मी स्वतः गेलो. अंगणातच गंगाबाईंना सांगितलं.

“तुमी डोयानं पायलं काय, मास्तर?”

“नाही... मले उशीर झाला.”

“मंग मी कायले मानू?”

त्या आत गेल्या आणि दिनकरच्या बाजेवरची वाकळ आणून उन्हात घातली. महिना होत आला, अजून रोज घालतात म्हणे. मी वेळेवर गेलो असतो, तर त्या बाईला निदान रडता तरी आलं असतं.