वाटीतली तीन पिल्लं

खावरमावशी बूड टेकवून बसलेली मी कधी पाहिली नव्हती. साखरेचा खडा दातांत, चहाचा पेला हातात आणि बाई बांधावर. आमच्या गीलान प्रांतात भात बायकाच लावतात. पण लावणी झाली की पाणथळावरून बादलीभर किडे आणून खाचरात सोडणारी ही एकटीच. चतुराची पिल्लं, निवळ्या, पाणढेकूण. खोडकिड्याची बारकी अळी रोपावरून पाण्यात पडली रे पडली, की हे तिचा फडशा पाडत.

वरच्या खाचराचा मालक मशदी रजबअली खिजवायचा, "लोक कोंबड्या पाळतात, आमची खावर किडे पाळते!"

"माझ्या किड्यांना दाणे टाकावे लागत नाहीत, मशदी," मावशी चालता चालताच सांगायची.

त्या उन्हाळ्यात मशदीच्या भाताला खोडकिडा लागला आणि त्यानं दाणेदार विष फेकलं. त्याच्या खाचरातून उतरलेलं पाणीच आमच्या खाचराला मिळायचं. मावशीनं धावत जाऊन बांधाचं तोंड चिखलानं बुजवलं, कोपऱ्यात खड्डा खणला आणि तिथं राहिलेल्या पाण्यात आपले किडे जगवले.

रोज सकाळी ती मशदीच्या बाजूचं वाटीभर पाणी घ्यायची, त्यात खड्ड्यातली चतुराची तीन पिल्लं सोडायची आणि बांधावर येरझाऱ्या घालायची. चहाचा दुसरा पेला संपायच्या आत तिन्ही पिल्लं मेलेली असत.

सहा दिवस हेच. भात पोटरीवर आलेलं, आणि जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा. माझी आई गेल्यापासून मी मावशीपाशीच वाढले. वर्षाचा घास त्या खाचरातच होता. मावशी जेवेना, झोपेना, मलाही स्वस्थ बसू देईना.

"मावशी, पाणी सोड गं. भात करपेल."

"आणि माझे किडे? उद्या बघू, मनीझे. उद्या जगतील."

सातव्या दिवशी ती बांधाच्या पार त्या टोकाला गेली होती. वाटीत तिन्ही पिल्लं उलटी पडलेली. मी वाटी ओतली, खड्ड्यातलं स्वच्छ पाणी भरलं, तीन जिवंत पिल्लं त्यात टाकली आणि ओरडले, "मावशी, जगली!"

ती आली. बराच वेळ वाटीत बघत राहिली. मग खोरं उचललं आणि दोन घावांत बांधाचं तोंड मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भात हिरवंगार होतं. पाणी खड्ड्यावरूनही गेलं होतं, आणि बांधाच्या कडेनं मेलेले किडे कोंड्यासारखे साचले होते. मावशीनं ते पाहिलं आणि ती चिखलातच बसली. तिला तसं बसलेलं पाहून मला रडू फुटलं. मी सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी सोडलेल्यांतल्या एकाचा पाय तुटलेला होता. तू दाखवलेल्या तिघांचेही पाय धड होते."

"मग तोंड उघडलंस कशाला?"

तिनं एक मेलेली निवळी चिखलातून उचलून तळहातावर घेतली.

"सहा दिवस वाट बघत होते गं, कुणीतरी माझ्याशी खोटं बोलेल म्हणून."