आसाराममामांचा मेटाडोर

आसाराममामांनी शहाण्णव साली मेटाडोर घेतला, तो राहायला. तेव्हा नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या आणि जुने मेटाडोर भंगारात निघत होते. त्यातलाच एक, इंजिन नसलेला, मामांनी अंबाजोगाईहून आणला.

मामा शिरूर कासारकडचे. दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचं आणि कारखान्याच्या तळावर सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचं. ताराबाई मामी कोपीत वाकून वाकून कावल्या होत्या. "उभं ऱ्हाता येईल असं कायतरी करा, न्हाईतर मी येत न्हाई," असं त्यांनी बजावलं होतं.

मी पॉलिटेक्निकला होतो. मेटाडोरची आतली उंची मी टेपनं मोजली, मामींचीही मोजली. मामी आत ताठ उभ्या राहणार होत्या. मामांना मान वाकवावी लागणार होती, पण त्यांना ती सवय होतीच.

टोळी यायच्या दोन दिवस आधी मी आणि मामा मेटाडोर ट्रॅक्टरमागं बांधून तळावर गेलो. पाण्याच्या नळाजवळची जागा धरली. तळाच्या पश्चिमेकडच्या भिंतीला तोंड लावून तो उभा केला. मग माझ्याच सल्ल्यानं चाकं काढून दगडांवर बसवला आणि चाकं ट्रॅक्टरबरोबर गावी पाठवली. चोरीला जायला नकोत!

दोन दिवसांनी टोळी आली. मामी ट्रकमधून उतरल्या, मेटाडोरभोवती एक चक्कर मारली आणि थांबल्या.

"अवो, दार कुनीकडं केलंय ह्याचं?"

दार दक्षिणेला होतं. ती यमाची दिशा. तळावर एकही कोपी तिकडं तोंड करून बांधत नाहीत. आणि मेटाडोर वळवायला चाकं गावी गेली होती.

"मी न्हाई पाय ठेवनार."

"काय रं," मामा माझ्याकडं वळले, "कालेजात दिशा शिकवत न्हाईत का?"

शेजारच्या धुळाजीला नळाजवळची जागा हवीच होती. "आसारामा, बंगला झाला अन् मालकीन बाहीर!" तो हसला. मुकादमानं तळाचा नियम ऐकवला, "दिवस मावळायच्या आत चूल पेटली न्हाई, तर जागा धुळाजीची."

मामांनी विनवलं, चिडून पाहिलं. मामी भांड्यांच्या पोत्यावर बसून होत्या. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला. मग मामीच म्हणाल्या, "मागं ते काय हाय?"

मागचं दार! सामानाचं, गंजून बसलेलं, पूर्वेला उघडणारं. मी रॉकेल ओतलं, मामांनी हातोडा घातला. कुरकुरत दार उघडलं. मामींनी त्याच्यासमोर तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि मगच पोत्यावर पाय देऊन आत चढल्या. आत गेल्या आणि ताठ उभ्या राहिल्या.

"धुळाजी," आतून आवाज आला, "च्या घ्यायला ये. मागल्या दारानं!"

तेव्हापासून दर हंगामात मेटाडोर तसाच उभा राहतो. दक्षिणेच्या दाराला आतून पेटी लावलेली असते. मामा मात्र न चुकता त्याच्या बिजागरीला तेल घालतात. विचारलं तर म्हणतात, "मेन दार हाय ते."