वहिनींनी जुळवलेल्या ओळी

वहिनी गेल्याची बातमी मला शेतावर मिळाली. धानाची कापणी चालू होती, म्हणून मी अर्जुनी मोरगावला आलो होतो. गोंदियाच्या आमच्या छापखान्यात यंत्र चालवणारा सुकराम सकाळच्या गाडीने आला आणि शेताच्या कडेला, धुऱ्यावरच टोपी काढून उभा राहिला. "मालकीणबाई गेल्या जी," एवढंच म्हणाला. परतीच्या गाडीत मी विचारलं नव्हतं तरी तो सांगू लागला, "काल दुपारपावेतो काम करून राहिल्या होत्या. हातातली ओळ पुरी केली, मंग म्हणाल्या, जरासं पडतो..." माझ्याबद्दल काही बोलल्या का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. आता महिना उलटून गेला. वहिनींविषयी चार शब्द लिहावेत असं वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं, तेव्हा आधी नाही म्हणालो. मग वाटलं, घरात जे कधी बोललो नाही ते निदान छापून तरी यावं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची, पत्नी यमुनाबाई. माहेर चोरखमाऱ्याकडचं, बांध घालून पाणी अडवलेल्या धानाच्या बांध्यांमधलं. दादा नागपूरला छपाईचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवायला शिकला आणि गोंदियाच्या बाजारात त्यानं लहानसा छापखाना काढला. विडीची लेबलं, राइस मिलच्या पावत्या, लग्नपत्रिका, असं काम. नोकर ठेवण्याची ऐपत नव्हती म्हणून त्यानं बायकोलाच जुळारी केलं. मी शाळा संपवून हाताखाली आलो तेव्हा दादा दिवसभर कामं मिळवत फिरत असे. त्यामुळे मला शिकवलं ते वहिनींनी.

शिशाची अक्षरं उलटी असतात, हे पाहून मी पहिल्या दिवशी गांगरलो. त्या म्हणाल्या, "वाचू नका भाऊजी. आधी नुसतं पाहा." खिळे ओळीनं बसवायच्या लोखंडी स्टिकमध्ये मी पहिला परिच्छेद जुळवला. ओळी गच्च बसवायच्या म्हणून शब्दांमध्ये सापडेल तिथं जाड पट्ट्या कोंबल्या. प्रूफ निघालं तर त्यांनी ते उलटं धरलं, डोळे बारीक केले आणि हसल्या. "ही पाहा, तुमची बांधी फुटली. पाणी वरून खालपावेतो वाहून राहिलं." खरंच, शब्दांमधल्या पांढऱ्या फटी एकीखाली एक येऊन कागदावर पाट निघाला होता. तेव्हापासून मी प्रत्येक प्रूफ उलटं धरून पाहतो. शब्द वाचता येत नाहीत, मग काळं किती, पांढरं किती, एवढंच डोळ्यांना दिसतं.

एकदा एका दुकानदाराच्या जाहिरातीत मी सगळ्याच ओळी मोठ्या टाइपात घेतल्या. त्याला मालाचं नाव मोठं हवं होतं, भाव मोठा हवा होता, स्वतःचं नाव तर हवंच होतं. वहिनी म्हणाल्या, "पंगतीत सारेच ओरडले तं वाढणाऱ्यानं कोणाकडे पाहावं? एकाले बोलू द्या, बाकीच्याइले बसवा." खालचा समास वरच्यापेक्षा जास्त सोडायचा, हेही त्यांनीच शिकवलं. मी विचारलं, काऊन? "कागद हातात धरतात तं आंगठा कुठं ठेवतील?" म्हणाल्या. आम्ही दोघं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून उभे असायचो. खिळे स्टिकमध्ये पडल्याची टिकटिक, मधूनच त्यांची थट्टा... माझ्या आयुष्यातली ती सर्वांत भरलेली वर्षं.

मग दादा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. दिवस झाल्यावर वहिनी पुन्हा कामाला उभ्या राहिल्या, कोणाला न विचारता, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या दोघांच्या हातावर छापखाना उभा राहिला. माझं लग्न झालं, मुलगी झाली. कुसुम वहिनींच्याच पायांशी, शाईच्या वासात वाढली.

एका लग्नसराईत सालेकशाकडचे एक पाटील मुलीच्या पत्रिकांचं प्रूफ पाहायला आले. पडद्याआड त्यांना पांढऱ्या लुगड्यातल्या वहिनी दिसल्या, हातात त्याच पत्रिकेची स्टिक. पाटील वाईट माणूस नव्हते. मला बाहेर नेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बाईले काई बोलून नाई राहिलो, भाऊ. पण पहिली पत्रिका देवापुढं ठेवतो, हळदकुंकू लावतो. पोरीचा मामला हाय. तेवढी तुमच्या हातानं करून द्या जी." एवढंच. एका पत्रिकेपुरतं. मी आत गेलो, वहिनींच्या हातून जुळलेला मजकूर घेतला, खिळे सोडून दिले आणि स्वतः पुन्हा जुळवला. त्या बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. माझी मधली ओळ सैल झाली, तीही त्यांनी पाहिली असणार.

पुढचं कोणी मागितलं नव्हतं. ते माझं होतं. मी विचार केला, हे दुसऱ्यांच्या कानावर गेलं तर? सुतार बोलावून मागच्या पडवीत खिळ्यांची वेगळी पेटी बसवली. शेकडो खण, हवेशीर जागा, उजेडही बरा. वहिनींना म्हणालो, इथं तुम्हाला गर्दीचा त्रास नाही. शुभकार्याचं काम समोर माझ्याकडे, दहाव्या-तेराव्याची पत्रं मागे त्यांच्याकडे. शिवाय छापखान्याचं हँडबिल काढलं आणि त्यात ओळ घातली: शुभकार्याची छपाई स्वतंत्र हाताने. प्रूफ टेबलावर राहिलं होतं. वहिनींनी ते उचललं, नेहमीसारखं उलटं धरलं. "दुसऱ्या ओळीखाली एक शिसपट्टी वाढवा, भाऊजी. दाटी होऊन राहिली." मग प्रूफ सुलटं केलं... वाचलं... जागच्या जागी ठेवलं आणि पडवीत गेल्या.

त्यानंतर गोंदियात ज्यांच्या घरी माणूस गेलं, त्यांचं दुःख वहिनींनी जुळवलं. लग्नसराईत समोर पाय ठेवायला जागा नसे आणि मागे त्या रॉकेलच्या बोळ्यानं खिळे पुसत बसत. हिवतापाच्या दिवसांत उलट. मी मागे जाईनासा झालो. कागद सुकरामच्या हाती पाठवायचा, प्रूफ त्याच्याच हाती यायचं. जेवताना "भात घ्या" आणि "पुरे", एवढंच आमचं बोलणं. त्यांनी एकदाही काही मागितलं नाही. म्हणजे, एकदा मागितलं.

कुसुमचं लग्न ठरलं. तिच्या पत्रिकेचा कागद लढाईच्या टंचाईतही मी कुठूनकुठून मिळवला होता. वहिनी समोरच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या. आत नाही आल्या. "कुसुमची मी लावू का, भाऊजी? रात्रंदिवस नाही लागत, एका बैठकीत करून देतो." मी मान वर केली नाही. म्हणालो, "वरपक्षाकडचे लोक आहेत, वहिनी... विचारतील." त्या म्हणाल्या, "बरं." कोणी विचारलं नसतं. पत्रिकेवर कोणाचा हात आहे हे कागद कधी सांगत नाही, हे मला माहीत होतं. मी नाही म्हणालो, कारण तेव्हा हो म्हटलं असतं, तर आधीची सगळी वर्षं मला चुकीची म्हणावी लागली असती.

दहनानंतर तेराव्याचं पत्र काढायचं होतं. सुकराम म्हणाला, "समोरच्या पेटीवर लावता का जी?" मी नको म्हटलं आणि पडवीत गेलो. इतक्या वर्षांत त्या पेटीपुढे मी पहिल्यांदाच उभा होतो. जुळारी आपल्या कामाप्रमाणे खण हळूहळू बदलत जातो. जे अक्षर सारखं लागतं ते हाताजवळ येतं, न लागणारं कडेला जातं. मी स्टिक घेतली. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." पहिली ओळ कधी भरली ते कळलंच नाही. 'दुःख'मधल्या विसर्गाचा खण अगदी अंगठ्याखाली, खिळे झिजून गुळगुळीत. कडेच्या खणांतले खिळे मात्र नव्यासारखे, धारेचे, त्यांवर धूळ. मी "गं. भा. यमुनाबाई" घेतलं, वर-खाली शिसपट्ट्या सोडल्या, दादाचं नाव घेतलं, शेवटी माझं घेतलं. सवयीनं प्रूफ उलटं धरून पाहिलं. कुठं फट नव्हती, दाटी नव्हती. त्यांचं सबंध पत्र जुळवताना मला एकदाही हात लांबवावा लागला नव्हता.