रोह्यांचं राज्य

नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. माणूस संपल्यावर हे रोही शहाणे होतात आणि पृथ्वी सांभाळतात, अशी कादंबरी मी हिंगोलीत शिक्षकी करता करता लिहिली. पहिली प्रत जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळ राहणाऱ्या थोरल्या बहिणीला दिली. आक्का सातवीच शिकलेली, पण हाती पडेल ते वाचायची.

पंधरा दिवसांनी गेलो तर तिने चहाही विचारला नाही. सरळ शेतात नेलं. रोह्यांच्या कळपाने हरभरा खाल्ला होता, उरलेला तुडवला होता.

"हे तुझ्या शहाण्यांचं काम," ती म्हणाली.

"आक्का, ती नुसती गोष्ट आहे."

"व्हय, गोष्टच. पण रोह्याचं पिल्लू मेलं तर तू तीन पानं रडलास. आन् सगळी माणसं मेली ती एका पानात. आमी काय तकलीफ दिली होती तुला?"

मला ते झोंबलं. "तुला साहित्य कळत नाही," मी बोललो. "बांधाबाहेर काही पाहिलंच नाहीस तू."

तिने पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "न्हाई कळत. घेऊन जाय. आन् पुन्हा येऊ नको."

परतीच्या जीपमध्ये बसल्यावर मी माणसं मरतात ते पान काढून वाचलं. एका बैठकीत, मजेत लिहिलं होतं, हे लख्ख आठवलं. तरी राग तिचाच आला.

याला दोन वर्षं झाली. भाच्याच्या साखरपुड्यात तिने मला वाढलं, पण ताटाकडे बघून. मीही मान वर केली नाही.