शिवीची वाट पाहताना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांची एकच इच्छा होती: अण्णांनी कोणाला तरी एक कचकचीत शिवी द्यावी. अगदी देव पाण्यात ठेवून बसलो होतो म्हणा ना.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्या शिव्या आमच्या गावात प्रसिद्ध होत्या. बैलाला वेगळी, ट्रॅक्टरवाल्याला वेगळी, टीव्हीवरच्या पुढाऱ्याला वेगळी. मला मात्र एकच, ‘भवाने’. नोकरी लागल्याचं सांगायला गेले तेव्हासुद्धा ‘भवाने, आधी पोटाला खा’ एवढंच म्हणाले होते. असा माणूस एका सकाळी ओट्यावर चूळ भरता भरता खाली बसला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं गेलं. लकवा. बीडला नेलं, जीव वाचला, हातात थोडी धुगधुगी आली. वाचा आली नाही.

मी पाटोद्याला ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. मेंदूची आकृती डोळे मिटून काढते. डावीकडे पुढचा भाग बोलण्याचा, डावीकडे मागचा समजण्याचा, दोघांना जोडणारा एक बाण. पोरं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तीच आकृती काढतात, मी मार्क देते, सगळे खूश. आता डॉक्टरांनी अण्णांच्या मेंदूची फिल्म उजेडासमोर धरली आणि पेनाच्या टोकाने एक करडा डाग दाखवला. ‘हा भाग गेला,’ म्हणाले. मी फिल्मकडे बघत राहिले. इतकी वर्षं अण्णा ओरडायचे ते या एवढ्याशा जागेतून? मग ‘भवाने’ नेमकं कुठे होतं, डागाच्या आत की बाहेर? असं काही डॉक्टरांना विचारायची सोय नव्हती, पण डोक्यात तेच फिरत होतं.

डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, विचार करून बोलणं वेगळं आणि सवयीने तोंडातून जाणारं बोलणं वेगळं. आकडे, आरती, शिव्या यांची वाट थोडी निराळी असते. पुष्कळ पेशंटना आधी तेच येतं. ‘कधीकधी माणूस स्वतःचं नाव सांगू शकत नाही, पण शिवी स्वच्छ देतो.’

मी हे घरी येऊन सांगितलं, आणि तेही काकांसमोर. माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय. काका अण्णांचे थोरले भाऊ. त्यांनी ते औषधाची चिठ्ठी मिळाल्यासारखं घेतलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की याला चिडवलं तरच हा बोलणार.

मग काय विचारता. जो तो येऊन चिडवून जायला लागला. शेजारणीने तिची शेळी आणून अण्णांच्या बाजेला बांधली. शेळीने वाकळेचा कोपरा खाल्ला, अण्णा बघत राहिले. एकाने त्यांच्या समोर बसून त्यांचीच तंबाखू मळून खाल्ली. पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या नावडत्या पुढाऱ्याचं तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं. अण्णांच्या डाव्या गालावर काहीतरी हलायचं, आम्ही सगळे पुढे वाकायचो, आणि काही नाही. मला सांगायला लाज वाटते, पण मीही त्यात होते. बायॉलॉजीची बाई म्हणून सगळे माझ्याकडे बघायचे, आणि मी मान हलवून परवानगी दिल्यासारखं करायचे.

शेवटी काकांनी हुकमी इलाज काढला. नांगरटीचे दिवस होते. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगून दोघा भावांमधल्या बांधाला नांगर घातला. आमच्या बाजूची चांगली दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळींएवढी जमीन, बांधासकट त्यांच्या रानात गेली. बांध कोरला तर आमच्याकडे मेलेला माणूससुद्धा उठून कोर्टात जाईल. काका तसेच मातीच्या पायांनी आले आणि बाजेजवळ उभे राहून म्हणाले, ‘तुजा बांध कोरला बे मी. काय करतुस?’

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. चांगला होता तो डावा हात डोक्याकडे नेला, टोपी नव्हती तरी टोपी काढल्यासारखा, आणि तोंडातून आवाज आला, ‘तप्पात्री. तप्पात्री.’

काका हिरमुसले. ‘जीभ वळना झालीय त्याची,’ म्हणाले आणि चहा पिऊन गेले. बांध अजून तसाच आहे. विषय काढला की ते म्हणतात, भावाच्या जिवासाठी केलं, आता त्यात काय बोलायचं. इलाज म्हणून जमीन खाणारे जगात आमचे काकाच असतील.

पण आवाज तर फुटला होता. मी शाळेतल्या मुलांसाठी असतात तशी चित्रांची कार्डं आणली. रोज संध्याकाळी अण्णांसमोर उभी राहून मी एकेक कार्ड धरायचे. ‘हे काय, अण्णा? किल्ली. म्हणा, किल्ली.’ ते कार्डाकडे न बघता माझ्या पायांकडे बघायचे. ‘हौद्री,’ म्हणायचे. कधी ‘आत्री’. कधी ‘माडतेनरी’. माझा आवाज चढला की हात डोक्याकडे जायचा आणि पुन्हा तेच ‘तप्पात्री’. मला वाटलं, मेंदूला इजा झाली की काही माणसं बोलण्यासारखे निरर्थक आवाज काढतात, चाल बोलण्याची असते पण अर्थ नसतो, तसंच हे असणार. पुस्तकात वाचलेलं समोर दिसल्याचा मला थोडा आनंदही झाला. डॉक्टरांना ऐकवायला म्हणून ते सगळं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. आई चुलीपाशी बसलेली असायची. ती काही बोलत नव्हती, आणि आई बोलत नाही यात आमच्या घरात कोणाला नवल वाटत नाही.

बीडला जाताना मांजरसुंब्याला गाडी बदलावी लागते. तिथल्या धाब्यावर चहा घेत मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. शेजारच्या बाकावर एक ट्रक ड्रायव्हर जेवत होता. त्याने घास हातात तसाच धरून विचारलं, ‘मॅडम, ये कौन बोल रै?’

मी म्हटलं, वडील आहेत, आजारी आहेत, त्याला काही अर्थ नाही.

‘अर्थ कैसा नै? ये तो हमारी बोली बोल रै.’ तो विजापूरकडचा होता, कानडी मुलखातला. त्याने फोन जवळ घेतला आणि सगळं ऐकलं. आधी हसला, नंतर हसायचा थांबला. ‘हां साब, बोल रै. ठीक है साब. करताऊं साब. गलती हुई साब. बस इतनाच बोल रै, फिर-फिर के.’ मग त्याने फोन परत दिला आणि विचारलं, ‘किसकू बोल रै?’

‘मला,’ मी म्हणाले.

आई-अण्णा जन्मभर ऊसतोडीला कर्नाटकात गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसा आमच्या घरातून एक कोयता जायचा. आमची बाकीची भावकी सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांना जायची. हे दोघंच नांदूरघाटकडच्या एका मुकादमाच्या टोळीबरोबर त्या बाजूला जात. दसरा झाला की निघायचे, पाडव्याच्या सुमाराला यायचे. काका-काकू रान सांभाळायला गावातच असायचे, त्यांच्याकडे राहून मी शाळा शिकले. त्या अर्ध्या वर्षात ते काय खातात, कोणाशी बोलतात, काय बोलतात, मला काही ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर अण्णा त्या मुलखातला एक शब्दही तोंडातून काढत नसत. आल्याच्या पहिल्या दिवसापासून नुसत्या शिव्या. मला वाटायचं माझा बाप वाघ आहे.

डॉक्टरांना मी जवळजवळ भांडल्यासारखं विचारलं. आईच्या पोटातून निघाल्यापासूनची भाषा गेली आणि पोटासाठी उचललेली राहिली, असं कसं? ते म्हणाले, असं होऊ शकतं. काही जणांची पहिली भाषा टिकते. काही जणांची रोज वापरातली टिकते. काही वेळा जे फार दडपणाखाली पुन्हा पुन्हा बोललं गेलं ते खोल रुजून बसतं, असंही म्हणतात. ‘म्हणजे तिन्हीतलं नेमकं कोणतं?’ मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘खरं सांगू का, छातीठोक कोणीच सांगू शकत नाही.’ मग मी विचारलं, शिव्या राहतात म्हणाला होतात, त्या का नाही राहिल्या? त्यांनी फिल्म पुन्हा पाकिटात घातली. मला त्यांचा राग आला. आकृतीचा आला, बाणाचा आला. मी वर्षानुवर्षं इतक्या खात्रीने काय शिकवत होते?

परतीच्या गाडीत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आपण चिडवत होतो आणि हा माणूस हात जोडल्यासारखं ‘चुकलं साहेब’ म्हणत होता. शेळी बांधणाऱ्या शेजारणीला, बांध कोरणाऱ्या भावाला, कार्ड धरून उभ्या राहिलेल्या मला. मग अण्णांचा खरा आवाज कोणता? वाघाचा की हा? की शिव्या हीच घरी आल्यावर अंगावर चढवायची बंडी होती? मला रडू येत होतं आणि संतापही होत होता, पण संताप नेमका कोणावर करावा ते कळत नव्हतं.

घरी आले तर आई लसूण सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, ‘ते कानडी बोलतात हे तुला माहीत होतं?’

‘मला ठावं न्हाई तर कुनाला ठावं आसंल?’

‘मग सांगितलं का नाहीस? इतके दिवस?’

‘काय सांगू?’ आईने वर पाहिलं. ‘तुजा बाप तुला सायेब म्हनतोय, आसं सांगू व्हय गं?’

मी खाली बसले. आई लसूण सोलत राहिली, आणि सोलता सोलता जेवढं आजवर कधी बोलली नव्हती तेवढं बोलली. तिकडं अण्णा एक शब्द वर काढायचे नाहीत. मोळी कमी भरली, चूक यांची. गाडी चिखलात रुतली, चूक यांची. ‘मालक वरडला की हे टोपी काढून उबा राह्याचे. मी तोंड फिरवून बसायची. माज्यासमोर म्हनल्यावर त्यांना लई लागायचं.’

मी विचारलं, ‘तिकडे चांगलं बोलणारं कोणीच नव्हतं?’

आईने लसणाची पुढची पाकळी उचलली. मग म्हणाली, एक मालकीण होती. शिकलेली होती, गावच्या शाळेत बाई होती. शाळा सुटली की रानात यायची आणि सगळ्या कोयत्यांना थांबवून चहा द्यायची. ‘ती काय म्हणायची, ते मला शिकव,’ मी म्हटलं. आई हसली. तोंडावर पदर धरून हसली. पण शिकवलं. माझी जीभ काही केल्या वळेना आणि आईने मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, एखाद्या ढ पोरीला लावावं तसं.

दुसऱ्या दिवशी मी कार्डं काढली नाहीत. चहा घेऊन अण्णांच्या बाजेजवळ गेले आणि उभी न राहता खाली जमिनीवर बसले. त्यांचा हात आधीच डोक्याकडे निघाला होता. मी म्हटलं, ‘साकु. कुंद्री. चहा कुडीरी.’ पुरे. बसा. चहा घ्या.

हात मध्येच थांबला. अण्णांनी माझ्या पायांकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. मग त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि सावकाश, एक थेंब न सांडता, सगळा चहा प्यायले. कप ठेवल्यावर आईकडे वळले, माझ्याकडे बोट केलं आणि काहीतरी बोलले. दोन शब्द असतील, फार तर तीन. रोजच्यातले नव्हते. आई एकदम चुलीकडे तोंड करून बसली.

‘काय म्हणाले?’

आईने चुलीत लाकूड सारलं. मी पुन्हा विचारलं.

‘म्हनले, आपली पोरगी बी आशी शिकवू.’

‘एवढं सगळं म्हणाले? एवढ्याशा शब्दांत?’

‘पोरगी म्हनले. साळा म्हनले. तुज्याकडं बोट केलं.’ आईने डोळे पुसले. ‘ह्याच्या आदी बी म्हनलेत ते. रातच्याला झोपडीत. त्या बाईकडं बघून आले की म्हनायचे.’

आता यातलं अण्णा किती म्हणाले आणि आईने मनाने किती जोडलं, हे मला ठरवता येत नाही. त्यांनी मला ओळखलं, की ती मालकीण समजून त्यांच्या पोरीचं मला सांगितलं, हेही ठरवता येत नाही. कोणत्या आकृतीत ते दाखवायचं मला माहीत नाही. अण्णा मात्र माझ्याकडे बघत होते, काहीतरी विचारल्यासारखे, उत्तराची वाट बघत.

‘शिकेल,’ मी म्हणाले. ‘खूप शिकेल ती.’ मराठीतच म्हणाले, कारण तेवढं कानडी मला आईने शिकवलं नव्हतं.