मोर बिघडला का?

"आधी पुढून बघा, मंग बोला," असं म्हणत मामा रंगवलेला आरसा गिऱ्हाइकासमोर धरायचे. आष्टीत माझ्या फोटोच्या दुकानाला लागूनच त्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना मामा म्हणत. आता मामा-मामी जालन्याला लेकीकडे असतात.

मोर, गणपती, नवरा-नवरीची नावं, काय हवं ते मामा आरशावर काढून देत. कागदावरचं चित्र आरशाच्या पाठीवर उतरवायचं, तेवढाच पारा खरवडायचा आणि मागूनच रंग भरायचे. मागून सगळं उलटं. "सोंड फिरली की गिऱ्हाईक फिरलं," असं म्हणून स्वतःच मोठ्यांदा हसत.

एका सकाळी पिता पिता चहा मामांच्या ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला. बघतो तर तोंड वाकडं झालेलं, एक डोळा मिटेना. मी दोघांना गाडीत घालून परतूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजलीय. बहुतेक सुधारेल. वाट बघावी लागेल."

दुसऱ्याच दिवशी मामांनी दुकान उघडलं, पण तोंडाला दस्ती बांधून. भिंतीवरचे सगळे आरसे उलटे करून टाकले. "माझं थोबाड मला बघायचं न्हाई."

लग्नसराईचं काम थांबवता येत नव्हतं. मामा मागून रंग भरत आणि मामी समोर बसून सांगत, "चोच जरा जाड झाली बघा." हसणं मात्र दुकानातून गेलंच होतं. मलाही शेजारी बसवेना.

असेच काही आठवडे गेले. एका दुपारी मोर रंगवता रंगवता मामांनी पाणी प्यायला दस्ती सोडली, तांब्या रिकामा केला आणि विचारलं, "कसा दिसून राह्यला?"

मामींचे डोळे भरून आले होते.

"काय झालं? मोर बिघडला का?"

"मोराचं राहू द्या हो! पाणी सांडलं न्हाई तुमचं. हसा बरं जरा."

मामा घाबरत घाबरत हसले. ओठाची दोन्ही टोकं वर गेली. एक किंचित मागे राहिलं, पण गेलं. मी माझ्या दुकानाच्या दारातून बघत होतो. मामींनी आरसा उचलून त्यांच्यासमोर धरला.

मामांनी आरशात डोकावलं. मग गालावरून हात फिरवत म्हणाले, "अगं, दाढी केवढी वाढली! सांगायचं न्हाई का?"

आणि दुकान तसंच टाकून ते भर बाजारातून न्हाव्याकडे निघाले, भेटेल त्याला थांबवून हसत.